काहील उतरायच्या आधी: माहितीपटासाठी कॅमेरामनसोबत काम कसं करायचं

पोस्टरवर ‘छायालेखन’ छापतात, कामावर मात्र सगळे कॅमेरामनच म्हणतात. इथेही तोच शब्द ठेवलाय, कॅमेऱ्यामागे बाई असो की बुवा. पहिला किंवा दुसरा माहितीपट करायला निघालेल्या दिग्दर्शकांसाठी हे लिहिलंय. उदाहरण कोल्हापूरच्या आसपासच्या गुऱ्हाळाचं आहे (उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, आटवून गूळ करतात ती जागा), कारण अंधार, जाळ, वाफ, मोटरचा आवाज आणि माणसांची घाई हे सगळं तिथे एकाच छपराखाली सापडतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. कॅमेरामनला शॉट सांगू नका, पुढे काय घडणार आहे ते सांगा. ‘इथून क्लोजअप घे’ म्हणालात तर तेवढा क्लोजअप मिळेल. ‘पाच मिनिटांत गुळव्या पाक पाण्यात टाकून बघेल, बादली त्याच्या डाव्या हाताला असते’ एवढं सांगितलंत (गुळव्या म्हणजे गूळ करणारा कारागीर) तर कॅमेरामन आपणहून जागा धरेल, लेन्स बदलेल, फोकस लावून तयार राहील. पण ही माहिती तुमच्याकडे आधी असावी लागते. खाली जे काही सांगितलंय ते बहुतेक ती मिळवण्याबद्दल आणि वेळेवर पोचवण्याबद्दल आहे.

१. एक पान लिहा

पटकथा नको, एकच पान पुरे. फिल्म कुणामागे जाते, त्या माणसाचा दिवस कसा जातो, त्यातली कुठली कामं परत परत होतात आणि कुठलं एकदाच होतं, आणि तुम्हाला काय नकोय. ‘नको’ची यादी सगळ्यात उपयोगाची पडते. स्लो मोशन नको, ड्रोननं सुरुवात नको, माणसाला कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावायचं नाही, असं स्पष्ट लिहा.

त्याच पानावर हिशोब मांडा. २० मिनिटांच्या फिल्मसाठी १० तास फुटेज धरलं तर प्रमाण ३० ला १ पडतं, नवख्यांसाठी ते ठीक आहे. १०० एमबीपीएसनं (सेकंदाला १०० मेगाबिट) ४के रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे १० तासांचे ४५० जीबी. दोन प्रती ठेवायच्या तर १ टीबीच्या दोन वेगळ्या हार्ड डिस्क हव्यात. ६४ जीबीचं कार्ड या वेगाला जेमतेम ८० मिनिटं चालतं. हे आकडे कॅमेरामनला ठाऊक असतातच, दिग्दर्शकाला नसतात. मग तिसऱ्या दिवशी दुपारी ‘कार्ड भरलं’ ऐकू येतं तेव्हा तोंड बघण्यासारखं होतं.

२. माणूस निवडताना शोरील बघू नका

शोरील, म्हणजे कॅमेरामनच्या निवडक शॉट्सचा जोडलेला नमुना, ही दोन मिनिटांत दोन वर्षांची मिठाई. त्यापेक्षा एखाद्या कामाचं सलग २० मिनिटं कच्चं फुटेज मागा. त्यात चार गोष्टी तपासा. घटना सुरू व्हायच्या आधी कॅमेरा चालू होता का? घटना संपल्यावर निदान १० सेकंद चालू राहिला का? बोलणारा माणूस गप्प झाला की कॅमेरा लगेच दुसरीकडे पळतो का, की थांबतो? आणि फोकस चुकला तर सावकाश परत आणलाय, की घाबरून झूम मागेपुढे केलाय?

कोल्हापुरात चांगला हात शोधायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांतही उत्तम लोक आहेत. मंगल कार्यालयातल्या वाईट उजेडात, गर्दीत, रीटेक न मिळता काम करायची त्यांना सवय असते, आणि माहितीपटाला तेच लागतं. फक्त दोन सवयी सोडवाव्या लागतात. एक म्हणजे सतत हलणारा गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर धरणारा दांडा). दुसरी जास्त अवघड: ‘काका, परत एकदा करा’ असं म्हणायची. लग्नात अक्षता परत टाकता येतात. गुळव्यानं एकदा कॅमेऱ्यासाठी काम केलं की पुढचे दोन तास तो नटच होऊन बसतो.

१९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली तेव्हा पाच भागीदारांत कॅमेरा सांभाळणारे केशवराव धायबरही होते. कॅमेरामनला भागीदार धरण्याची रीत इथली जुनीच आहे. तुम्हाला त्याला भागीदारी द्यायची नसेल तरी पहिल्या बैठकीला बोलवा, शेवटच्या नको.

३. ठरलेलं कागदावर आणा

ओळखीत काम असतं म्हणून कुणी लिहून घेत नाही, आणि मग ओळख जाते. कागदावर एवढं तरी असावं: शूटिंगचे दिवस आणि दिवसाचे तास, कॅमेरा-लेन्सचं भाडं मेहनतान्यात धरलंय की वेगळं, प्रवास, जेवण, मुक्काम कुणाकडे, सामानाला इजा झाली तर कोण भरणार, पैसे किती टप्प्यांत. रद्द झालेल्या दिवसाचं काय, हे गुऱ्हाळाच्या कामात विसरूच नका. ऊसतोड थांबली, अवकाळी आला, मोटर जळाली की घाणा बंद. आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं तर काही द्यायचं नाही, त्यानंतर अर्धा दिवस, अशी काहीतरी रेघ ओढून ठेवा.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फिल्मचा कर्ता निर्माता मानला जातो. तरीही कच्चं फुटेज कुणाकडे राहणार, कॅमेरामन त्यातलं शोरीलसाठी काय वापरू शकतो आणि कधीपासून, आणि श्रेयनामावलीत नाव कसं येणार, हे लिहाच. भांडणं बहुतेक याच तीन गोष्टींवरून होतात.

४. रेकी: कॅमेरा पिशवीत ठेवून

रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा बघायला, दोघांनी एकत्र जायचं आणि शूटिंगच्याच वेळेला जायचं. गुऱ्हाळ पहाटे अंधारात सुरू होत असेल तर रेकीही पहाटेच. दुपारी चारला जाऊन ‘लाइट मस्त आहे’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

एक पूर्ण काहील, म्हणजे एका कढईभर रसाचा गूळ होईपर्यंत, बसून बघा. घाण्यातून रस येतो, काहिलीत पडतो, चुलीत वाळलेली चिपाडं (रस काढलेल्या उसाचा चोथा) घालून जाळ वाढवतात, भेंडीचं पाणी घातल्यावर मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात, रस आटतो, बुडबुड्यांचा आकार आणि रंग बदलतो, पाक होतो, काहील उतरते, पाक वाफ्यात (थंड करायच्या उथळ हौदात) ओततात, ढवळून थंड करतात आणि साच्यात भरतात. साधारण अडीच-तीन तासांचं हे काम असतं, गुऱ्हाळागणिक थोडं कमीजास्त. तुम्ही घड्याळ लावून प्रत्येक टप्प्याची वेळ लिहा, कॅमेरामन जागा लिहील.

त्यानं जागा लिहायच्या म्हणजे काय? वारा कुठून येतो, म्हणजे वाफ कुठे जाते. माणसं कुठल्या वाटेनं चिपाडं आणतात, त्या वाटेत ट्रायपॉड ठेवता येणार नाही. उघड्या बाजूनं सूर्य कधी आत येतो. ट्यूब आणि एलईडी बल्ब कुठे आहेत. बॅटरी चार्ज करायला प्लग कुठे, आणि घाण्याची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडतं का. मग चपलेनं जमिनीवर रेघ ओढून तीन जागा ठरवा: सगळं छप्पर दिसेल अशी एक, काहिलीच्या कडेची एक, आणि जाळ घालणाऱ्याच्या समोरची एक.

दिवसात अशा तीन-चार काहिली होतात, ही माहितीपटवाल्यांसाठी देणगीच आहे. पहिली काहील लांबून घ्या, माणसं कॅमेऱ्याला सरावतात. दुसरीला फक्त हात आणि भांडी. तिसरीला फक्त चेहरे. चौथीला कॅमेरा एका जागी ठेवून आवाज नीट घ्या. एकाच काहिलीत सगळं पकडायला गेलात तर एडिटिंगच्या टेबलावर अर्धवट शॉट्सचा ढीग येतो, एकालाही सुरुवात-शेवट नसलेला.

प्रत्येक विषय असा परत परत घडत नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवाला, म्हणजे ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीचे किरण काही मिनिटांत वर सरकतात, आणि ढग आले तर तो दिवस गेलाच. मंदिरात चित्रीकरणाला देवस्थान समितीची परवानगी आधी घ्यावी लागते. अशा ठिकाणी दोन कॅमेरे ठेवा आणि कोण काय सोडणार नाही ते वाटून घ्या. तालमीत तिसरीच तऱ्हा: मेहनत पहाटेची, उजेड एका-दोन ट्यूबचा, आखाड्यात चप्पल नाही, आणि वस्तादांच्या शब्दाबाहेर काहीच नाही. काही तालमींत बायकांना आत येऊ देत नाहीत. तुमच्या टीममध्ये बाई असेल तर हे आधी विचारा, दारात उभं राहून नाही.

५. सेटिंग एकदाच ठरवा आणि चिकटपट्टीवर लिहून कॅमेऱ्याला लावा

फ्रेम रेट २५, शटर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. १/५० किंवा १/१०० ला तो दिसत नाही, १/६० ला पट्टे सरकताना दिसतात. स्वस्त एलईडी बल्ब कधीकधी १/५० लाही लुकलुकतात, म्हणून रेकीतच फोनवर नाही तर त्याच कॅमेऱ्यावर एक मिनिट रेकॉर्ड करून मोठ्या पडद्यावर बघा. उन्हात शटर न वाढवता एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावायचा.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर कधीच नाही. एका बाजूला जाळ, दुसऱ्या बाजूला पहाटेचा निळा उजेड. कॅमेरा फिरला की ऑटो शॉटच्या मध्येच रंग बदलतो आणि तो नंतर नीट सुधारत नाही. ५६०० केल्विनला बांधा, जाळ नारिंगी दिसू दे, तो नारिंगीच असतो.

लॉगमध्ये (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिकट चित्र घेणारी सेटिंग) शूट करायचं तर १०-बिट असेल तरच करा. ८-बिट लॉगमध्ये वाफेचे पातळ थर पायऱ्या-पायऱ्यांसारखे फाटतात, आणि गुऱ्हाळात वाफेशिवाय दुसरं आहे काय! एक्स्पोजर चेहऱ्यावर लावा. वाफ पांढरी असल्यामुळे मीटर फसतो आणि माणसं काळवंडतात. जाळाच्या गाभ्यातला तपशील गेला तरी चालेल.

दोन कॅमेरे आणि रेकॉर्डर असतील तर सकाळी तिघांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलण्याचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास. प्रत्येक जागेचा नुसता आवाज एक मिनिट घ्या, त्या मिनिटात कुणी हलायचं नाही.

वाफेबद्दल थोडं सविस्तर. थंड कॅमेरा एकदम गरम ओलाव्यात नेला की लेन्सवर दव धरतं, कधी आतल्या काचेवरही, आणि आतलं पुसता येत नाही. छपराखाली पोचल्यावर कॅमेरा पिशवीतच अर्धा तास ठेवा, मग हळूहळू उघडा. पुढे यूव्ही फिल्टर हवाच, कारण उकळत्या रसाचे बारीक शिंतोडे उडतात. ते कोरड्या फडक्यानं पुसले तर गोड चिकट थर सगळीकडे पसरतो. आधी किंचित ओलं फडकं, मग कोरडं. लेन्स छपराबाहेर जाऊन, वाऱ्याला पाठ करून बदला. चिपाडाची राख सेन्सरवर बसली तर तो ठिपका दिवसभराच्या प्रत्येक शॉटमध्ये येईल.

६. खुणा ठरवा

शूटिंग चालू असताना तुमचा आवाज म्हणजे खराब झालेला साउंड. त्यामुळे स्पर्शाच्या खुणा ठरवा. कोपराला एक टिचकी: आहे तिथेच थांब. दोन टिचक्या: मोठी फ्रेम घे. खांद्यावर हात ठेवून हलकंसं वळवणं: त्या बाजूला काहीतरी घडतंय. तीनच्या वर खुणा नकोत, लक्षात राहत नाहीत. ‘कट’ तुम्ही म्हणायचं नाही. कॅमेरामननं मनात दहा मोजून स्वतः बंद करायचं.

आणि मॉनिटरला चिकटून बसू नका. फ्रेममधलं कॅमेरामन बघतोच आहे. तुमचं काम फ्रेमच्या बाहेर बघण्याचं. कोण उठलं, कुणी कुणाला हाक मारली, ट्रॅक्टर आला का.

७. काहील उतरते तेव्हा

हा क्षण जवळून बघू, कारण दोघांचं जमलंय का ते इथेच कळतं.

बुडबुडे लहान, दाट होऊ लागले की गुळव्याचं बोलणं कमी होतं. ही पहिली खूण. तुम्ही कॅमेरामनला आताच सांगायचं, पुढे बोलता येणार नाही. तो काहिलीच्या कडेच्या जागेवर येतो, वाफेच्या उलट बाजूनं. मॅन्युअल फोकस गुळव्याच्या हातावर. गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी करून बघतो. कधी एकदा, कधी तीनदा. इथे नवखा कॅमेरामन हातावरच राहतो आणि चेहरा सुटतो. निर्णय चेहऱ्यावर होतो. गोळी बोटात आल्याबरोबर वर तोंडाकडे जायचं आणि तिथे थांबायचं, तो ‘उतरा’ म्हणेपर्यंत.

त्यानंतर सगळे एकदम धावतात. पाक उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापलेला असतो आणि अंगाला चिकटतो. त्या वाटेत ट्रायपॉड, वायर, पिशवी, माणूस काहीही असता कामा नये. कॅमेरामनच्या डोळ्याला व्ह्यूफाइंडर असतो, मागचं त्याला दिसत नाही. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला धरून दोन पावलं मागे घेणं हे त्या क्षणी दिग्दर्शकाचं काम, दुसरं कुठलंही नाही. वाफ्यात पाक पडताना येणारा शॉट लांबूनच घ्या. जवळचा हवा असेल तर पुढच्या काहिलीला.

८. मुलाखत

मोटर चालू असताना मुलाखत घेऊ नका, माइक कितीही चांगला असो. जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी घाणा थांबल्यावर घ्या. तुम्ही लेन्सला अगदी लागून, त्याच उंचीवर बसा, म्हणजे बोलणाऱ्याची नजर कॅमेऱ्याजवळ राहते. फ्रेमचा आकार कॅमेरामननं फक्त तुमच्या प्रश्नाच्या वेळी बदलायचा, उत्तराच्या मध्ये नाही. माणूस ‘लई’ म्हणाला, ‘काय सांगू भावा’ म्हणाला तर तसंच राहू द्या. त्याला पुस्तकी बोलायला सांगितलंत की खांदे आखडतात, आणि ते कॅमेऱ्यात दिसतं.

माणसांशी बोलणं एकानंच करायचं, दिग्दर्शकानं. कॅमेरामननं काही हवं असेल तर तुम्हाला सांगायचं. रसाचा पेला पुढे आला तर मात्र दोघांनीही घ्यायचा, नाही म्हणालात तर दिवस जड जातो.

ड्रोनचं थोडक्यात: कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे आणि त्याच्या १२ किलोमीटरच्या आत बरीच बंधनं आहेत. डिजिटल स्काय नकाशावर जागा तपासल्याशिवाय उडवू नका. आणि चिमणीच्या धुरावरून जाणारा तो शॉट सगळ्यांनी बघितलाय.

९. रात्रीचा अर्धा तास

आधी कॉपी. कार्डवरून दोन वेगळ्या डिस्कवर, मग दोन्हींवरच्या चार-पाच फाइल उघडून चालवून बघायच्या, मगच कार्ड फॉरमॅट. फोल्डरचं नाव तारीख, जागा, कॅमेरा, कार्ड क्रमांक असं. दोन्ही डिस्क एकाच गाडीत ठेवू नका. दमल्यावर हे काम उद्यावर ढकलायचा मोह होतो आणि फुटेज नेमकं तेव्हाच जातं.

मग दोघांनी अर्धा तास बसून बघायचं. सगळं नाही: चांगला वाटलेला एक शॉट, फसलेला एक आणि ज्याच्याबद्दल दोघांचं मत वेगळं आहे असा एक. फसलेल्याबद्दल ‘छान नाही आला’ म्हणू नका, काय दिसत नाहीये ते म्हणा: ‘पाक झाला हे याला कसं कळलं, ते मला दिसत नाही.’ यावर कॅमेरामन काहीतरी करू शकतो. ‘जरा फील पाहिजे’ यावर कुणीच काही करू शकत नाही. शेवटी राहिलेल्या गोष्टींची यादी करा आणि उद्याच्या काहिलींवर वाटून टाका.

कुरकुर इथेच निघते. कॅमेरामनची नेहमीची तक्रार: दिग्दर्शक आयत्या वेळी मत बदलतो. दिग्दर्शकाची: हा सुंदर चौकट शोधत बसतो आणि घटना निघून जाते. दोन्ही बहुतेक वेळा खऱ्या असतात, आणि रेकी नीट झाली नसली की जास्तच.

१०. पहिला रफ कट त्याला दाखवा

कॅमेरामनला थेट रंगसुधारणेच्या दिवशी बोलावणं ही चूक आहे. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, बघताना तो दोन गोष्टी सांगू शकतो ज्या एडिटरला माहीत नसतात: कुठल्या शॉटच्या पुढे-मागे अजून चांगलं फुटेज पडलंय, आणि राहिलेलं काय परत घेता येण्यासारखं आहे. त्यासाठी बजेटमध्ये एक दिवस शिल्लक ठेवा.

तो दिवस वापरायचा तर घाणा चालू हवा. दिवाळीच्या आसपास पेटलेली गुऱ्हाळं उन्हाळा लागला की एकेक थंड होऊ लागतात. शूटिंग डिसेंबरात केलं असेल तर रफ कट फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तयार ठेवा, आणि गुळव्याला फोन करून शेवटची काहील कधी आहे ते विचारून घ्या.